आबा चालतील ती हद्द

खड्डा जेमतेम कोपरभर खोल गेला असेल-नसेल, तेवढ्यात मागून मालोजी म्हणाला, “ज्योतीराम, खड्डा झ्याक खांदताय. पर जागा कुनाची हाय ते इचारलंत का कुनाला?” आवाजात भांडण नव्हतं, हेच वाईट. भांडण असतं तर ज्योतीरामनेही पहार आपटून दोन शब्द सुनावले असते, आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं नाहीतर पेटलं असतं. काहीतरी एक झालं असतं. पण मालोजी तळहातावर तंबाखू मळत निवांत उभा होता. शेजारी माणूस, भिंतीला भिंत नसली तरी परसाला परस लागून. सकाळ-संध्याकाळ तोंड दिसणारच. घराच्या मागच्या अंगाला चार खांब रोवायचे, कंपनीच्या भंगारातून आणलेले पत्रे ठोकायचे आणि कस्तुराला न्हाणी करून द्यायची, एवढाच ज्योतीरामचा गुरुवारच्या सुट्टीचा बेत होता. गुरुवारी सगळ्या पट्ट्यातल्या कंपन्या बंद, त्यामुळे आसपासच्या घरांतूनही ठोकाठोकी ऐकू येत होती, आणि त्यात आपलाही एक आवाज मिसळतोय याचं त्याला सकाळपासून बरं वाटत होतं. “सुभद्रावहिनींनी दाखवलंय ना,” तो म्हणाला, “त्या लिंबाच्या खोडापर्यंत.” मालोजीने तंबाखू दाढेखाली सारली. “तिनं दाखवलं, व्हय. पर ते तिचं व्हतं का दाखवायला? तुमच्या कौलाच्या पागोळ्या पडत्यात तितवर तुमचं. फुडं आमचं. आता तुमी नवीन, तुमाला कोन सांगनार,” असं म्हणून तो चक्क सहानुभूतीने हसला आणि म्हशीकडे गेला. ज्योतीराम पहार धरून तसाच उभा राहिला. खड्ड्यातली माती ओली, काळी होती. तिच्याकडे बघताना आपण दुसऱ्याच्या ताटात हात घातलाय की काय असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

घर दिवाळीच्या आधी घेतलं होतं. घर म्हणजे तरी काय, दगडमातीच्या दोन खोल्या, वर कौलं, पुढे हातभर ओटा. तळवड्याच्या गावठाणाच्या पार कडेला, जिथून पुढे ज्वारीची रानं लागतात आणि रानांपलीकडे कंपन्यांची धुराडी दिसतात. पण ओव्हाळांच्या घराण्यात गावाच्या आत घर असलेला ज्योतीराम पहिलाच. पिंपरीच्या चाळीत भाड्याच्या खोलीत वर्षं काढली, क्रेनवर ओव्हरटाइम मारून मारून डोळे लाल केले, कस्तुराने अंगावरचं होतं नव्हतं ते काढून दिलं, तेव्हा कुठे मालोजीच्या चुलतभावाची विधवा सुभद्राबाई घर विकून लेकीकडे खेडला निघाली आणि यांचं नशीब उघडलं. किल्ली दिली तेव्हा बाईच्या काखेत गाठोडं होतं, एस.टी.ची वेळ झाली होती. मोकळा हात परसाकडे फिरवून ती म्हणाली, “ते समदं तुमचंच. लिंबाच्या खोडापतुर.” हात असा ऐसपैस फिरला की बाई पलीकडची रानंसुद्धा देऊन टाकते की काय असं वाटावं. खरेदीखतात चतु:सीमा होती म्हणा: पश्चिमेस मालोजी यांची जागा. म्हणजे मालोजीची जागा कुठे संपते ते कळलं की आपली कुठे सुरू होते ते कळणार! आणि मालोजीला विचारावं तर तो म्हणणार पागोळ्यांपर्यंत. तलाठ्याकडे गेला तर तलाठी म्हणाला, गावठाणाची मोजणी अजून व्हायचीय, होईल तेव्हा होईल, तोवर शेजाऱ्याशी गोडीने राहा. कस्तुरा उजाडायच्या आत परसात दोन लुगडी आडवी बांधून अंघोळ उरकायची, आणि नेमका त्याच वेळी मालोजीच्या गोठ्यात कंदील लागायचा. माणूस धार काढायलाच उठे, त्यात वावगं काही नव्हतं; पण ती अंग चोरून, नेसत्या साडीसकट पाणी ओतून घ्यायची आणि ओल्या पदराने चूल पेटवायची. “चाळीत नळाला रांग होती, पण दाराला कडी होती,” एवढं ती एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही, ते ज्योतीरामच्या जिव्हारी लागलं होतं.

त्या गुरुवारनंतर डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. कंपनीत त्याचं बसणं छताखाली, क्रेनच्या केबिनमध्ये. खाली शॉपच्या फरशीवर पिवळे पट्टे मारलेले: ही चालायची वाट, ही मशीनची जागा, इथे माल ठेवायचा, इथे माणसाने उभंच राहायचं नाही. इतकी वर्षं ते पट्टे त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि त्याने कधी बघितले नव्हते. आता नजर सारखी त्यांच्यावरच. पहिल्यांदा कुणी ओढले असतील? कुणाला विचारून? की एखाद्या साहेबाने सुभद्राबाईसारखा हात फिरवला आणि रंगाऱ्याने ब्रश चालवला, आणि आता दोन पिढ्या माणसं त्यावरून चालणार? गरम तेलाचा वास वर चढत होता, हुकाला अडकवलेला डाय, तो अवजड लोखंडी साचा, खाली लोंबत होता, आणि आपण तो कुठे न्यायचा हेच तो क्षणभर विसरला. खालून माल बांधणाऱ्या जयसिंगने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. “ए भावा! झोप लागली का वर? का माझ्या डोक्यावर ठेवायचा इचार हाय?” जेवणाच्या सुट्टीत ज्योतीरामने त्याला सगळं सांगितलं. जयसिंग साताऱ्याकडचा, मनाचा मोकळा, डबा चाटूनपुसून खात म्हणाला, “त्यात काय एवढं? खांब रोवून टाक. रोवला त्याचा खांब. गावाकडं असंच असतंय राव, आधी करायचं, मग भांडायचं.” ज्योतीराम हसला. जयसिंगला रोवता येईल. त्याने रोवला तर तो नुसता खांब होईल, फार तर भांडण होईल. आपण रोवला तर गाव म्हणणार, बघा, आता ही माणसं असं करायला लागली. हे जयसिंगला सांगून कळलं नसतं, आणि कळलं असतं तर त्याने मनापासून वाईट वाटून घेतलं असतं, जे त्याहून नकोसं. घर घेतलं तेव्हा आळीतल्या लोकांनी विचारलं होतं, कोण, कुठले? पारनेरकडचे. आडनाव? ओव्हाळ. मग एक लांब ‘हां’ आला होता. त्या ‘हां’ची लांबी ज्योतीरामला लहानपणापासून अचूक ओळखता येत होती.

पुढच्या गुरुवारी तो खेडला जाऊन सुभद्राबाईला भेटून आला. म्हातारी लेकीच्या अंगणात वाळवणाची राखण करत बसली होती. त्याला बघून आधी घाबरली, घर परत घ्या म्हणतो की काय; मग चहा टाकायला सांगितला. हद्दीचं विचारल्यावर तिला प्रश्नच कळेना. “अरं बाबा, आमच्यात कुठली हद्द? मी तितं गवऱ्या थापायची, मालोजीच्या म्हशी तितंच बसायच्या. माजी गवरी त्याच्या म्हशीनं तुडवली की मी शिव्या द्यायची, न् त्याची आय मला ताक द्यायची. संपलं.” मग लिंबाच्या खोडापर्यंत असं का सांगितलंत, त्याने विचारलं. बाई विचारात पडली. “तुमी इचारलंत म्हनून. काय तरी सांगायला पायजे ना मानसाला.” परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून ज्योतीराम बाहेर बघत राहिला. चाकणच्या पुढे नव्या शेडचे सांगाडे उभे राहत होते, रानांत तारेची कुंपणं पडली होती. म्हणजे हद्द नव्हतीच. इतकी वर्षं ती जागा नुसती जागा होती, आणि आपण पाऊल टाकल्याबरोबर तिला कडा फुटल्या. मालोजी खोटं बोलत नव्हता, बाई खोटं बोलत नव्हती, खोटं बोलायला खरं काहीतरी असावं लागतं. हे घर दुसऱ्या कुणी घेतलं असतं, जयसिंगनेच समजा, तरी मालोजी असाच आला असता का तंबाखू मळत? तो पार तळवडे येईपर्यंत तेच कुरतडत बसला. घरी आल्यावर कस्तुराने डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? त्याने शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, “कुणालाच ठाऊक नाही.”

मग एका संध्याकाळी मालोजी स्वत:च आला. ओट्याखाली उभा राहिला. कस्तुराने तांब्या पुढे केला तर म्हणाला, “आत्ताच पिऊन आलो, वैनी.” ओट्यावर आबा बसले होते, ज्योतीरामचे वडील सोनबा. बायको भिमाबाई गेल्यापासून ते लेकाकडेच असायचे, दिवसभर आल्यागेल्याकडे बघत, आणि नात सुजाता शेजारी खडे मांडून खेळत असायची. मालोजीने आबांना रामराम घातला, मग ज्योतीरामकडे वळून, पण आबांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी म्हनतो, कशाला आपसात वाईटपना? तुमचं वडील येसकर व्हते ना गावाकडं, येशीचं राखनदार? पूर्वी आमच्यात हेच व्हतं. शिवंचा तंटा झाला की येसकरानं चालायचं. तो चालंल ती हद्द. त्याच्या फुडं पाटीलबी बोलत नसायचा. तुमच्या लोकांचा शबूद शिवंवर देवासारखा. आबांनी चालावं. माजी ना न्हाई. लिंबाकडनं चालले तर लिंबाकडनं.” ज्योतीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. पण कशाने, ते धड पकडीत येईना. माणूस मान देत होता की जात काढत होता? त्याच्या तोंडावर तर निव्वळ विश्वास होता, आजोबाकडून ऐकलेल्या गोष्टीवर असतो तसला. विश्वास ठेवायला याला आमचीच पायवाट सापडली! “मालोजीभाऊ, आबा या गावचे नाहीत,” तो म्हणाला. “त्यांना इथली हद्द कशी माहीत असणार?” मालोजी आश्चर्याने बघायला लागला. “तसं नसतंय ते. ज्याचं काम त्याच्या पायाला कळतंय.” सुजाताने टाकलेला खडा घरंगळत आला होता, तो आबांनी बोटाने तिच्याकडे सारला.

आबांनी येसकरकी सोडून किती काळ लोटला होता! बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली घुंगराची काठी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि ते मागे न बघता परत आले, हे ज्योतीराम कंपनीतल्या मित्रांना अभिमानाने सांगायचा. पण त्याच्या आधीचं एक होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कस्तुरालासुद्धा अर्धंच. तो तेव्हा तिसरीत असेल. पाटील आणि पाटलाचा चुलता यांच्यात बांधावरून जुंपली होती, आणि बापाला चालायला बोलावलं. सगळं गाव रानात जमलं. बापाच्या अंगावर घोंगडी, हातात भंडारा, डोक्यावर त्याच रानातलं ढेकूळ, पाय उघडे. माणसांच्या मागे उभा राहून, कुणाला स्पर्श होऊ नये म्हणून अंग आखडून, पोरगा ज्योतीराम बघत होता. बाप चालला तसे मागून हद्दीचे दगड मांडले गेले. कुणी खोकत नव्हतं. रोज ज्यांच्या दारात तो भाकरीसाठी हाक घालायचा ती माणसं त्याच्या पायांकडे श्वास रोखून बघत होती, आणि ज्योतीरामची छाती फुगून आली होती. रेघ पाटलाच्या बाजूने गेली. पाटलाने वाकून बापाच्या पावलाची माती कपाळाला लावली. त्याच संध्याकाळी बाप त्याच पाटलाच्या ओट्याखाली, नेहमीच्या जागी, टोपली घेऊन उभा होता. पण खटकत राहिलं ते हेसुद्धा नव्हे. चुलता रानातून जाता जाता मोठ्याने म्हणाला होता, “येसकर खोटं चालला. खोटं चालणाऱ्याचं पोर जगत न्हाई, बघाल.” आणि सुगीच्या आत ज्योतीरामची धाकटी बहीण तानू घटसर्पाने गेली. गळा सुजून, डोळे उघडे ठेवून, आईच्या मांडीवर. वस्तीत तेव्हा आणखीही पोरं गेली, हे त्याला पुढे मोठेपणी आठवलं, पण तेव्हा त्याला आठवायची ती फक्त पाटलाकडून आलेली ज्वारी. दरसाल यायची तेवढीच होती, की जास्त? आई ती ज्वारी दळायची, भाकरी थापायची आणि थापता थापता बापाकडे बघायची. विचारायची नाही, नुसती बघायची. बाप खाली मान घालून जेवायचा. ज्योतीरामनेही कधी विचारलं नाही. असं बापाला विचारतात होय? पण तो प्रश्न त्याच्यात तसाच राहून गेला, आणि तो मॅट्रिकला बसला, कंपनीत लागला, बुद्धवंदना पाठ केली, युनियनच्या सभेत अंधश्रद्धेवर बोलला, तरी हलला नाही.

“अजिबात नको,” त्या रात्री जेवताना कस्तुरा दबक्या आवाजात म्हणाली. “न्हाणी गेली खड्ड्यात. मला नको ते चालणं-बिलणं. घरात पोर आहे.” “तूसुद्धा?” ज्योतीराम म्हणाला. “आपण बौद्ध झालो ना? ढेकळाने कुणी मरतं का?” “मी कुठं म्हणते मरतं?” ती म्हणाली, आणि तिने सुजाताच्या पाठीवरून हात फिरवला. ज्योतीराम ताटाकडे बघायला लागला, कारण अगदी त्याच घटकेला त्याच्या मनात दुसरंच काहीतरी चालू होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. आबा चालले, आणि लिंबाच्या खोडाकडून चालले, तर? मालोजी शब्दाचा पक्का होता, ना म्हणणार नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांच्या हद्दी दाखवल्या, पाय सोलून घेतले, बदल्यात शिळी भाकरी खाल्ली. मग एकदा, एकदाच, आपल्या बाजूने चाललं तर कुणाचं काय बिघडतं? हद्द नाहीच आहे म्हटल्यावर खोटं तरी कसं होणार? हा हिशेब इतका सरळ होता की तो मनातून काढून टाकावासा त्याला वाटेना. आणि तेवढ्यात सुजाताला ठसका लागला. भाताचं शीत अडकलं असेल, दुसरं काही नाही. कस्तुराने पाणी पाजलं, पोर हसायला लागली. पण ठसका लागल्याबरोबर ज्योतीरामची नजर गेली ती पोरीकडे गेलीच नाही. ती भिंतीशी जेवत बसलेल्या आबांकडे गेली. आबांनी मान वर केली. दोघांची नजरानजर झाली, आणि आबांनी घास तोंडात घातला. आचवून आल्यावर ते दारातल्या अंधारात उभे राहून म्हणाले, “मालोजीला सांग, गुरवारी चालतो.”

गुरुवारी उन्हं वर आल्यावर मालोजी आला तो तयारीनेच. वाटीत भंडारा, खांद्यावर कोरी घोंगडी, आणि हातात परसातलंच एक बऱ्यापैकी ढेकूळ. त्याच्यामागून त्याची म्हातारी आई चतुराबाई आणि आळीतली चार माणसं आली. कुणी हसत नव्हतं. तीच शांतता. तसेच ताणलेले चेहरे. आबा आतून बाहेर आले, आणि सगळ्यांच्या नजरा खाली त्यांच्या पायांकडे गेल्या. त्यांनी ज्योतीरामचे जुने कंपनीचे बूट घातले होते, पुढे लोखंडी टोपी असलेले, त्यांना दोन बोटं मोठे. नाड्या घट्ट आवळून गाठी मारलेल्या. “आबा, पायताण काढून चालायचं असतंय,” मालोजी हलकेच म्हणाला. “ठावं हाय,” आबा म्हणाले. “भंडारा नको. घोंगडी नको. मी आता देवाला भेत न्हाई, मालोजी. चालायला तू बलिवलंस, मी चालतो. पर पायताण काढनार न्हाई. काटं मोडून घेऊन लई लोकास्नी हद्दी दाखवल्या.” मालोजी आईकडे बघायला लागला. चतुराबाई डोळ्यांवर हात धरून आबांना न्याहाळत होती. “चालू दे रं,” ती म्हणाली. “बुटातबी पायच हायेत.” मालोजीने ढेकूळ खाली ठेवलं, नीट, फुटू नये असं.

आबा रस्त्याकडच्या कोपऱ्यावर गेले आणि उभे राहिले. बराच वेळ उभे होते. काय बघत होते कुणास ठाऊक. डोळे तर मिटल्यासारखेच होते. लिंबाकडे, ज्योतीरामच्या मनात कुणीतरी म्हणत होतं, थोडंसं लिंबाकडे, अर्धं तरी. आणि त्याच मनात दुसरं कुणीतरी कस्तुराच्या मांडीवर निजलेलं पोरीचं तोंड दाखवत होतं, गळा सुजलेलं. मूर्खपणा. निव्वळ मूर्खपणा. आपण क्रेन चालवतो, टनावारी लोखंड हवेत धरतो, आणि इथे एका म्हाताऱ्याच्या बुटांवर जीव टांगून उभे आहोत! आबांनी पाऊल उचललं. पहिली काही पावलं सरळ पडली, कुणाच्याच बाजूची नाहीत अशी. मालोजीचा माणूस मागून दगड मांडत येत होता. मग आबा त्या अर्धवट खणलेल्या खड्ड्याशी आले आणि थांबले. खड्ड्याच्या पलीकडून गेले तर न्हाणी आपली. अलीकडून गेले तर मालोजीची. आबा अलीकडे वळले; आणि नुसते वळले नाहीत, ते भिंतीकडे सरकत गेले. पागोळ्यांनी जमिनीत पाडलेली खळ्यांची ओळ त्यांनी ओलांडली, आत आले, आणि भिंतीला खांदा घासत, मातीचे पोपडे पाडत, घराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे वळून उभे राहिले. “झालं,” म्हणाले.

दगड मांडणारा दगड हातात धरून उभा होता, ठेवू की नको असा. शेवटी मालोजीच पुढे आला, पार गोंधळलेला. “सोनबाबा, एवढं न्हाई म्हनलो मी. पागोळ्यांपतुर तुमचंच की. अहो, कौलाचं पानी पडायला तरी जागा ठेवा.” आबा म्हणाले, “मी चालंन ती हद्द, आसं तूच म्हनलास.” “म्हनलो, पर...” “मग ठेव दगड.” मालोजीने ज्योतीरामकडे बघितलं, मदत मागावी तसं. ज्योतीरामला त्याची कीव आली आणि त्याचा गळाही धरावासा वाटला. दगड भिंतीला चिकटून मांडले गेले. चतुराबाई आबांकडे बघून म्हणाली, “असं चालनारा मानूस न्हाई बघितला बया,” आणि नमस्कारासाठी हात जोडले. आबांनी तो घेतला न घेतला. मागच्या दारात कस्तुरा उभी होती. तिच्या उंबऱ्याबाहेर आता पाय टाकायलासुद्धा आपली जमीन उरली नव्हती. तिने कुणाकडेही न बघता दार लोटलं आणि आतून कडी घातली. तो आवाज ज्योतीरामला चांगला ऐकू आला.

आत आल्यावर त्याने स्वत:ला आवरलं नाही. आबा पेटीवर बसून बुटाच्या नाडीशी झटत होते, गाठ बसली होती. “आबा, हद्द खरंच तिथं होती?” “मला काय ठावं? मी काय ह्या गावचा हाय व्हय?” “मग भिंतीला घासून कशाला चाललात?” त्याचा आवाज फाटला. “तो माणूस स्वत: पागोळ्यांपर्यंत देत होता. लिंबापर्यंतही दिलं असतं. कस्तुरानं आता अंघोळ कुठं करायची? चुलीत?” स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आबांनी मान वर केली नाही. “लिंबाकडनं चाललो असतो तर,” ते सावकाश म्हणाले, “उद्या सुजी नुसती शिंकली असती तरी तू माज्याकडं बघितलं असतंस. परवा बघितलंसच की. तिला ठसका लागला तर मानूस पोरीकडं बघतो. तू माज्याकडं बघितलंस. तुजी आय बघायची तसं. तानी गेली तवापासनं दोगंबी बघताय. ती बघत बघत गेली. म्हनलं, एकडाव असं चालावं की कुनाला बघायला जागाच ऱ्हाऊ नये. घराचं नुसकान झालं, व्हय. झालंच.” गाठ सुटली. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवला. पाय घामेजून पांढरा पडला होता.

ज्योतीराम खाली बसला, जमिनीवरच, त्यांच्यासमोर. राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही, आणि त्याच्या जागी आलं ते काय होतं तेही कळेना. इतकंच कळत होतं की इतकी वर्षं आपण हे अंगात दडवून ठेवलंय असं समजत होतो आणि आबा ते रोज, जेवताना, बसताना, आपल्या तोंडावर वाचत होते. माफी मागावी असं वाटलं. पण तोंडातून आलं ते तेच, लहानपणापासून अडकून पडलेलं, आता वाट मोकळी झाली म्हणून घाईने बाहेर पडल्यासारखं: “आबा, त्या वेळी... त्या वेळी सरळ चालला होतात ना?” आबांनी लगेच उत्तर दिलं, आवाज न चढवता. “सरळ चाललो व्हतो. पार सरळ.” ज्योतीरामने मान हलवली. मान हलवता हलवताच त्याला उमगलं की आपण त्यांच्या तोंडाकडे निरखून बघतोय, पापणी हलते का, नजर ढळते का ते शोधतोय. आणि आबांना ते दिसलं. ते क्षणभर तसेच त्याच्याकडे बघत राहिले. मग दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला खाली वाकले.